मोहाचे फूल, मिठाचा खडा आणि समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी आजवर स्मरणिकांतून जे लेखन झाले, त्यात मिठागरांना अग्रस्थान मिळाले, आणि ते यथायोग्यच होय. आगर पिकवितो तो आगरी, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगते. परंतु आगरात पिकलेले मीठ पुढे कोठे जाई, कोणाच्या मापाने मोजले जाई, आणि पिकविणाऱ्याच्या पदरात त्यातले किती पडे, हा विचार आपण क्वचितच करतो. माल उत्पन्न करणे ही एक विद्या आहे. तो परक्या मुलखातील गिऱ्हाइकापर्यंत धड पोहोचविणे ही दुसरी. पहिली विद्या आपल्या वाडवडिलांस उत्तम अवगत होती. दुसरी बहुधा इतरांच्या हाती राहिली. प्रस्तुत लेखात जुन्या ठाणे जिल्ह्यातील दोन वस्तूंची, म्हणजे मीठ व मोहाचे फूल यांची हकीकत मुख्यत्वे सांगावयाची आहे. मोहाचा आणि मोरव्याचा काय संबंध, असे वाचक विचारतील. तो संबंध लेखाच्या ओघात दिसून येईल.

प्रथम स्थळाचे वर्णन थोडक्यात करणे भाग आहे. भाईंदर स्थानकातून पश्चिमेस उतरून उत्तनच्या वाटेला लागले म्हणजे मुर्धे, राई आणि मोरवा ही आपली गावे रांगेने लागतात. एका अंगाला खाडीची खाजणे व मिठागरे, दुसऱ्या अंगाला डोंगरीचा उंचवटा, आणि त्याच्या पलीकडे उत्तन, चौक, पाली येथील मच्छिमारांचा समुद्रकिनारा. चौक येथे धारावीचा किल्ला आहे, इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला आणि साष्टी बेट त्यांच्या अमलाखाली गेले. येथून पुढचा आपला इतिहास हा पुष्कळ अंशी सरकारी खात्यांचा इतिहास आहे.

समुद्रव्यापार हा या भागास नवा नाही. सोपारा व कल्याण ही बंदरे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांस ठाऊक होती. आपल्याच बेटाच्या मध्यभागी असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत सोपारा, कल्याण आणि चौल येथील व्यापाऱ्यांनी दाने दिल्याचे लेख कोरलेले आहेत. ते लेख वाचताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. दान देणाऱ्या शेटजीचे नाव दगडावर राहिले. ज्यांनी त्याचा माल पिकविला, वाहिला, गलबतात भरला, त्यांचे नाव कोठेही राहिले नाही. असो.

मिठाची कृती आपल्या वाचकांस ठाऊक असली तरी नव्या पिढीकरिता दोन शब्द लिहितो, कारण आज मुंबईला नोकरीस जाणाऱ्या आपल्या मुलांनी मिठागर आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. पावसाळा सरला म्हणजे बांधबंदिस्ती करावयाची. उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे आणि मोठ्या तळ्यांत उन्हाने तापवून दाट होऊ द्यावयाचे. मग ते लहान लहान चौकोनी वाफ्यांत सोडावयाचे. या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून, चोपून, आरशासारखी गुळगुळीत केलेली असे. त्यातच आगऱ्याचे सारे कसब. पाणी आटले म्हणजे खडे धरत. ते लाकडी फावड्याने ओढून बांधावर ढीग लावीत आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी गवताने शाकारीत. वाफ्यांत उभे राहणाऱ्यांचे पाय मिठाने फाटत. चितेवरही आगऱ्याचे तळवे लवकर जळत नाहीत असे जुनी माणसे म्हणत. ती अतिशयोक्ती असली तरी निराधार नव्हती.

मीठ तयार झाले म्हणजे ते आपले झाले असे मात्र नव्हते. सरकारी कर भरल्यावाचून आगरातून खडाही बाहेर नेण्याची मुभा नसे. १८९० सालच्या मुंबई मीठ कायद्याने या व्यवस्थेस पक्के रूप आले. आगरांवर मीठखात्याचे शिपाई असत, नाकी असत, वजन होई, परवाना मिळे, आणि मग मचव्यांत किंवा आगगाडीच्या डब्यांत माल चढे. १८८८ ते १९०३ या काळात कराचा दर दर मणास अडीच रुपये होता. मण म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो. मीठ पिकविण्यास जो खर्च येई, त्याच्या कितीतरी पट हा कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. १९२३ मध्ये एक वर्ष पुन्हा अडीचावर गेला. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. कर अखेर १ एप्रिल १९४७ पासून रद्द झाला, म्हणजे स्वराज्याच्या साडेचार महिने आधी.

१८६४ मध्ये वसईच्या खाडीवरून लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत आला आणि खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या मचव्यांचे महत्त्व हळूहळू उतरले. तथापि दगड, मीठ, लाकूड, कौले असा जड माल पुढे कित्येक वर्षे शिडांच्या गलबतांनीच जात येत राहिला. मचवे, पडाव, फत्तेमारी हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी रोजचे होते. ते आज शब्दकोशात शोधावे लागतात.

आता मोहाकडे वळू. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील व उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, म्हणजे शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, मोखाडा या बाजूस, मोहाची झाडे विपुल आहेत. फाल्गुन-चैत्रात झाडाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांशी झुपके लागतात. फूल लहानसे, मांसल, फिकट पिवळसर आणि गोड. ते रात्री उमलते आणि पहाटे आपोआप गळते. झाडाखालचा पाला आधी झाडून वा जाळून जागा साफ केलेली असते; त्यावर सकाळी जणू मोत्यांचा सडा पडतो. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बायकामुलांनी तो टोपल्यांत वेचावयाचा आणि तीन-चार दिवस उन्हात वाळवावयाचा. वाळल्यावर फूल मनुक्यासारखे तांबूस होते आणि त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग साखरच असते. धान्य संपून नवे यावयास अवकाश असतो, अशा दिवसांत हीच फुले उकडून, कुटून, भाकरीत मिसळून गरिबांनी पोट भरले. पुढे फळे धरतात. त्यांस मोहट्या म्हणतात. त्यांच्या बियांचे तेल दिव्यास आणि जेवणासही चाले. फुलांपासून दारू निघते हे तर सर्वश्रुत आहे, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ तेच.

फुले वेचण्याच्या या कामात एक मोठी जोखीम असते. तिची शहरातील माणसास कल्पना नसते. मोहाचे फूल मनुष्यास आवडते तसे अस्वलासही अतिशय आवडते. आपल्या ठाणे जिल्ह्यातील रानांत मुख्य भय वाघ-बिबट्याचे असे. परंतु मेळघाट, बुलढाण्याचा डोंगराळ भाग, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली येथील मोहवेचकांचा खरा शत्रू, अथवा प्रतिस्पर्धी म्हणा, अस्वल हाच होय. झाड एक, वेळ एक, फूल एक, आणि ते वेचावयास दोघे हजर. मोहाच्या हंगामात तिकडे माणसे जखमी झाल्याची बातमी आली नाही असे वर्ष विरळा.

आमच्या पिढीने लहानपणी अस्वल पाहिले ते दरवेशाबरोबर. नाकात वेसण, दरवेशाच्या हातात दोरी, आणि मुलांची भीती जावी म्हणून आया त्यांना क्षणभर त्याच्या पाठीवर बसवीत. ताइतात घालावयास त्याचे केसही विकत घेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा धंदा बेकायदेशीर झाला आणि हळूहळू नाहीसाही झाला. ते योग्य झाले. परंतु त्या दरवेशाच्या अस्वलामुळे, हा प्राणी म्हणजे सुस्त, केसाळ, नाचणारा गमत्या, असा एक खोटा समज मात्र आपल्यात राहून गेला. रानातील अस्वल निराळे. त्याची दृष्टी व श्रवण बेताचे, घ्राणेंद्रिय मात्र तीव्र. वारुळे उकरून वाळवी ओढून घेणे हा त्याचा मुख्य व्यवसाय. त्यासाठी पुढच्या पायांस लांब वाकडी नखे असतात, आणि वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसल्याने त्या फटीतून ते वाळवी शोषून घेऊ शकते. खाण्यात गुंग असले म्हणजे माणूस अगदी जवळ येईतो त्यास कळत नाही. कळते तेव्हा ते भयाने बिथरते आणि पळण्याऐवजी अंगावर येते. त्याचा रोख बहुधा डोके आणि चेहरा यांवर असतो. मादीच्या पाठीवर पिले असतील तर विचारूच नये.

रानातील लोकांनी यावर जे उपाय शोधले ते साधे आहेत, आणि प्राणिशास्त्राच्या आजच्या अभ्यासकांनीही तेच सांगितले आहेत. एकट्याने जाऊ नये; चार-सहा जणांनी मिळून जावे. झुंजुमुंजू असताना झाडाखाली जाण्याची घाई करू नये, चांगले दिसू लागू द्यावे. वाटेने बोलत, गात, काठी आपटत जावे, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होते. गुपचूप चालणे हाच तेथे अविचार. वारूळ ताजे उकरलेले दिसले, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसले, तर त्या दिवशी ते झाड अस्वलास सोडून द्यावे. दूर दिसले तर पाठ न दाखविता हळूहळू मागे सरावे. धावू नये, कारण धावण्यात ते माणसास हार जात नाही. झाडावर चढणेही व्यर्थ, ते उत्तम चढते. अंगावर आलेच तर पालथे पडून, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून, डोके व मान झाकून ते निघून जाईपर्यंत पडून राहावे. आपल्या मोरव्यात अस्वल येणार नाही हे खरे. पण आपली मुले हल्ली सुटीत ताडोब्यास आणि मेळघाटास जातात, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

इतकी जोखीम पत्करून वेचलेले हे फूल एकोणिसाव्या शतकात थेट समुद्रापार गेले, ही गोष्ट आज कोणास खरी वाटणार नाही. झाले ते असे. फ्रान्स देशात १८६० नंतर द्राक्षवेलींच्या मुळांस एक सूक्ष्म कीड लागली आणि तिने पुढील दोन-तीन दशकांत द्राक्षमळे उजाड केले. मद्य गाळण्यास द्राक्षे अपुरी पडू लागली तेव्हा तेथील कारखानदार साखर असलेल्या इतर वस्तूंच्या शोधास लागले. इकडे १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला होऊन मुंबई व फ्रान्सचा दक्षिण किनारा यांमधील अंतर कित्येक आठवड्यांनी कमी झाले होते. वाळलेले मोहफूल कोरडे ठेवले तर चांगले टिकते, पोत्यात भरता येते, आणि स्वस्त. तेव्हा मुंबई बंदरातून मोहाची पोती फ्रान्सला रवाना होऊ लागली. ज्या बाईने पहाटे अस्वलाच्या भयाने काठी आपटीत ती फुले वेचली, तिला फ्रान्स हा शब्दही ठाऊक नव्हता. तिला सावकाराकडून फुलांच्या बदल्यात थोडे मीठ, थोडे धान्य मिळे. मीठ आणि मोह यांची गाठ येथे पडते. आपल्या आगरातले मीठ डोंगरात जाई आणि डोंगरातला मोह खाली येई. अदलाबदल करणारा मधला मनुष्य तिसराच असे.

सरकारचे लक्ष मोहाकडे गेले ते आबकारीच्या उत्पन्नासाठी. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व विकण्याचा अधिकार मक्त्यांच्या व सरकारी भट्ट्यांच्या हाती एकवटला. परंतु ज्याच्या दारात मोहाचे झाड आहे, तो मक्तेदाराच्या दुकानातली महाग दारू कशाला घेईल? म्हणून १८९२ मध्ये खास मोहाविषयी कायदा झाला. तो ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी होता आणि त्याने फुले वेचणे, बाळगणे व विकणे यांवर निर्बंध घातले. ज्या झाडाचे फूल आपोआप जमिनीवर पडते, ते उचलणे हा गुन्हा ठरला. समुद्राचे पाणी खडकाच्या खळग्यात आटून आपोआप मीठ होते, ते उचलणेही याच काळात गुन्हा होता, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. दोन्ही कायद्यांची घडण एकाच मनातून उतरलेली आहे.

यातील विसंगती तर विलक्षण होती. मुंबई शहरास आणि आसपासच्या जिल्ह्यांस लागणारी मोहाची दारू उरण येथील भट्ट्यांतून निघे. तिला लागणारी फुले पंचमहालसारख्या दूरच्या मुलखांतून येत. म्हणजे ठाण्याच्या रानातील फूल ठाण्याच्या वारल्यास उचलण्याची चोरी, आणि परमुलखातील फूल उरणच्या भट्टीत राजरोस! उरण, पनवेलकडील आपल्या ज्ञातिबांधवांना या भट्ट्यांचे किस्से आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतील.

दारूचे समर्थन करण्याचा या लेखाचा हेतू नाही. दारूने आपल्या ज्ञातीचे किती नुकसान केले ते प्रत्येक गावास ठाऊक आहे. पण दारू बंद करावी म्हणून हा कायदा झाला नव्हता. सरकारी दारू खपावी म्हणून झाला होता. आणि त्याचा भार पडला तो फूल दारूसाठी नव्हे, तर पोटासाठी वेचणाऱ्यावर.

पुढचा भाग लवकर सांगता येईल. स्वराज्य आले तरी मोहफुलांवरील निर्बंध निरनिराळ्या स्वरूपात महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे राहिले. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभांचा अधिकार मान्य केला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. त्याच वर्षीच्या जुलैत छत्तीसगडमधील कोरबा भागात आदिवासींनी गोळा केलेली वाळविलेली मोहफुले समुद्रमार्गे कोठे गेली? फ्रान्सलाच! सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच फुलाने त्याच देशाचा रस्ता धरला. या खेपेस पोत्यावर माल कोणाचा, कोठला, याची नोंद होती, हा फरक लहान नाही.

आता शेजारच्या उत्तनचे उदाहरण. बोंबील वलांडीवर वाळत घालणे ही आपल्या कोळी बांधवांची पिढीजात कला. हा सुका बोंबील इंग्रज लोकांस इतका आवडला की ‘बाँबे डक’ या नावाने तो त्यांच्या खाणावळींत स्थिरावला. इंग्लंडात त्याचा खप वर्षाला १३ टनांच्या वर होता. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने आरोग्याच्या कारणावरून भारतातून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली आणि तिच्या तडाख्यात बोंबीलही सापडला. बोंबील बिघडला होता असे नाही. तो उघड्यावर वाळतो आणि मान्यताप्राप्त कारखान्यातून येत नाही, ही अडचण होती. विलायतेत त्याच्या चाहत्यांनी चळवळ केली, भारतीय वकिलातीने शब्द टाकला, आणि अखेर तोडगा निघाला की मासळी पूर्वीप्रमाणे उघड्यावर वाळवावी, मात्र बांधणी आयोगाने मान्य केलेल्या ठिकाणीच व्हावी. वलांडी तीच राहिली, बोंबील तोच राहिला. बदलले ते केवळ पुडके बांधण्याचे ठिकाण आणि त्यावरचा शिक्का. कोट्यवधींच्या व्यापारात १३ टन म्हणजे काहीच नव्हेत. पण वाळविणाऱ्या घरांस ते १३ टन म्हणजे चूल होती.

हा सर्व इतिहास आज सांगण्याचे कारण असे की आपल्या ज्ञातीतील भगिनी आता स्वतः हा व्यापार करू लागल्या आहेत. आगरी मसाला, तांदळाचे पापड, सुकट, कुरडया यांना आखाती देशांत, विलायतेत व अमेरिकेत गेलेल्या आपल्याच मुलांकडून मागणी येते. त्यांच्या शेजाऱ्यांकडूनही येते. पाच-दहा किलोचे हे पुडके मचव्याने जात नाही, पोस्टाने किंवा कुरियरने जाते. पण नाके मात्र अजून आहेतच. व्यापारी माल बाहेर पाठविणारास विदेश व्यापार खात्याकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. खाद्यपदार्थास अन्नसुरक्षा खात्याचा परवाना लागतो. पोस्टातून निर्यात करताना निर्यातीचे विवरणपत्र भरावे लागते. डाक खात्याने डिसेंबर २०२२ पासून याकरिता डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तेथे हे कागद भरण्यास साहाय्य मिळते.

या कागदांची टाळाटाळ करून ‘भेटवस्तू’ एवढेच लिहून पाठविण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. एका परिचित भगिनीने तसे केले. आत सुकट होती, वर ‘घरगुती सामान’ असे लिहिले होते. परक्या देशात पेटी उघडली गेली, माल नष्ट झाला आणि पैसेही गेले. मासळी, तूप, मध, बियाणे, लोणची यांविषयी प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे. तो आधी विचारावा, मग पेटी बांधावी. आत काय, किती वजनाचे, काय किमतीचे, हे स्वच्छ अक्षरांत लिहावे. मसाल्याचे पुडके हवाबंद करून वर दुसरी पिशवी घालावी, कारण ओल धरली तर तीन आठवड्यांच्या प्रवासात बुरशी येते आणि हवाबंद नसले तर वासाने सारी पेटी ओरडते.

आणि नियम एकाएकी बदलतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. अमेरिकेत ८०० डॉलरांपर्यंतच्या लहान पार्सलांस जकात माफ होती; ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद झाली. जकात कोणी व कशी वसूल करावी याचा उलगडा न झाल्याने भारतीय डाक खात्यास ऑगस्टच्या अखेरीस तिकडील पार्सले थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. मधल्या दीड महिन्यात गणपती, नवरात्र आणि दसरा गेले. दिवाळीचा फराळ पाठविणाऱ्यांस त्या वर्षी शेवटचे चार-पाच दिवसच उरले. १९०३ साली दर मणामागे आठ आणे कर उतरला तेव्हा आपल्या आजोबांच्या आजोबांना जे कळले नाही, ते आज आपल्या सुनांना भ्रमणध्वनीवर त्याच दिवशी कळते, इतकाच काय तो फायदा.

रानाचाही विषय अर्धवट राहिला आहे. साष्टी बेटावर एके काळी पट्टेरी वाघ होते. मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नोंदींनुसार बेटावरील शेवटच्या वाघांपैकी एक १९२९ च्या जानेवारीत विहार तलावाजवळ मारला गेला. ठाणे जिल्ह्यात डोंगरवाटांवर वाघोबाची लाकडी व दगडी स्थाने आजही आहेत, त्यांवर वाघाबरोबर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, आणि अश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारशीस, त्यांची पूजा होते. वाघास देव करणे म्हणजे त्याच्याशी सीमा ठरवून घेणे होय, असे या लेखकास वाटते: तू तुझ्या वेळी फीर, आम्ही आमच्या वेळी.

वाघ गेला, बिबट्या राहिला. काशीमिऱ्यास लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात २०१५ च्या छायाचित्र-गणनेत ३५ बिबटे आढळले, आणि पुढच्या गणनांत ती संख्या वाढली. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाभोवती एका महिन्यात अनेक माणसे मृत्युमुखी पडली. त्यामागे, दुसरीकडे पकडलेले बिबटे अनोळखी रानांत आणून सोडण्याची पद्धत हेही एक कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखविले. ती पद्धत आवरल्यावर आणि वस्त्यांत जनजागृती झाल्यावर हल्ले पुष्कळ उतरले. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये भाईंदर पूर्वेस भर वस्तीत बिबट्या शिरून माणसे जखमी झालीच. बिबट्या वस्तीकडे येतो तो मुख्यतः भटक्या कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात उकिरड्यासाठी. मासळी-मटणाचा कचरा दारामागे टाकू नये, सांज झाल्यावर मुलांस एकटे बाहेर सोडू नये, अंधारात उघड्यावर वाकून बसू नये, आणि बिबट्या दिसला तर त्याभोवती गर्दी करून त्याची वाट अडवू नये. त्याची छायाचित्रे काढणारे बघेच बहुधा जखमी होतात. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा.

एक विनंती करून लेखणी ठेवतो. मिठागरांच्या जुन्या पावत्या, मीठखात्याचे परवाने, मचव्याच्या भाड्याच्या चिठ्ठ्या, शिलोत्रीचे कागद असे काही कोणाच्या घरी ट्रंकेत वा माळ्यावर पडले असेल, तर ते रद्दीत न देता ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयात दाखवावे. मूळ कागद घरधन्याकडेच राहील. नक्कल तेवढी काढून घेतली जाईल. मोडी वाचणारे दोघे तिघे गृहस्थ आपल्यात अद्याप आहेत.